तारखेत दिवस, महिने आणि वर्षे मिळवावीत कशी, वजा करावीत कशी

तारखेची बेरीज साध्या बेरजेसारखी दिसते, पण ती तशी नसते. साध्या बेरजेत हातचा नेहमी दहाचा असतो. तारखेत मात्र दिवसांच्या घरातून महिन्यांच्या घरात जाणारा हातचा कधी २८चा, कधी २९चा, कधी ३०चा तर कधी ३१चा असतो, आणि महिन्यांच्या घरातून वर्षांच्या घरात जाणारा १२चा. म्हणूनच ‘आजपासून ९० दिवसांनी’ आणि ‘आजपासून तीन महिन्यांनी’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लीप वर्षाचा संबंध नसेल आणि सुरुवात डिसेंबर किंवा जानेवारीत असेल, तर त्यांची उत्तरे बहुधा जुळतात. एरवी त्यांच्यात एक-दोन दिवसांचा फरक पडतो. दिवस हे ठाम माप आहे, तर महिना हे चार वेगवेगळ्या लांबींच्या मापांना दिलेले एकच नाव आहे. तारखांच्या हिशेबातील बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात. आकडेमोड चुकल्यामुळे होणाऱ्या चुका त्या मानाने थोड्याच.

आधी ठरवावे : पहिला दिवस धरायचा की सोडायचा

कागदावर आकडा मांडण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे आरंभीचा दिवस मोजणीत घ्यायचा की नाही. एखादा माणूस ५ तारखेला मुक्कामाला आला आणि ९ तारखेला निघाला, तर त्याच्या रात्री चार होतात आणि दिवस पाच. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, फक्त एकात अंतर मोजले आहे आणि दुसऱ्यात खुद्द दिवस मोजले आहेत. ९ मधून ५ वजा केले की अंतर मिळते. दोन्ही टोके धरून दिवस हवे असतील तर त्यात एक मिळवावा लागतो.

आपली बोलण्याची भाषा या बाबतीत फसवी आहे. ‘आठ दिवसांनी ये’ असे सोमवारी सांगितले, तर ऐकणारा पुढच्या सोमवारी येतो, म्हणजे सात दिवसांनी. कारण सांगणाऱ्याने आजचा दिवसही मोजलेला असतो. ‘आठवडा’ या शब्दातच आठ बसलेला आहे, आणि ‘पंधरा दिवसांनी’ म्हणताना बहुतेकांच्या मनात दोन आठवडे, म्हणजे १४ दिवस असतात. ‘परवा’ हा शब्द तर मागे जातो की पुढे, हे क्रियापद आल्याशिवाय कळत नाही. बोलताना यात काहीच बिघडत नाही, कारण दोघांनाही वार ठाऊक असतो. मुदत लिहून देताना मात्र असे शब्द टाळून सरळ तारीख लिहिणे हेच शहाणपणाचे.

ही गफलत नवी नाही. ज्युलियस सीझरने इसवी सन पूर्व ४६ मध्ये कॅलेंडर सुधारून दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवण्याचा नियम केला. पण रोमन लोक मोजताना दोन्ही टोके धरत असल्यामुळे, त्याच्या मृत्यूनंतर तेथील पुरोहित ‘दर चौथ्या’चा अर्थ प्रत्यक्षात ‘दर तीन वर्षांनी’ असा करून बसले, आणि ती चूक पुढे ऑगस्टसला काही लीप वर्षे गाळून निस्तरावी लागली.

माझीही एकदा अशीच फजिती झाली. एका अर्जासाठी ‘पत्राच्या तारखेपासून ३० दिवसांत’ अशी मुदत होती आणि पत्र ७ जुलैचे होते. तीस दिवस म्हणजे महिना, असे डोळे झाकून धरून मी ७ ऑगस्टला अर्ज घेऊन गेलो. जुलै ३१ दिवसांचा असल्याने ७ जुलै सोडून मोजले तरी तिसावा दिवस ६ ऑगस्टला येतो, आणि ७ जुलै धरून मोजले तर ५ ऑगस्टलाच. अर्ज परत आला. कायदेशीर मुदतींत आरंभीचा दिवस सहसा सोडला जातो, पण नेमका नियम त्या-त्या कागदातच वाचावा. आणि तो कागदात नसेल, तर दोन्हींपैकी अलीकडची तारीख धरून चालावे.

यापुढील सर्व उदाहरणांत आरंभीचा दिवस सोडलेला आहे, म्हणजे १ तारखेत एक दिवस मिळवला की २ तारीख येते.

दिवस मिळवणे

१७ ऑक्टोबर २०२५ या तारखेत १०० दिवस मिळवायचे आहेत असे समजू. प्रथम चालू महिन्यात किती दिवस उरले आहेत ते पाहावे : ३१ मधून १७ गेले, उरले १४. हे १४ दिवस खर्च केले की आपण ३१ ऑक्टोबरवर येतो आणि हाती ८६ दिवस राहतात. नोव्हेंबरचे ३० वजा केले की ५६ राहतात आणि आपण ३० नोव्हेंबरवर असतो. डिसेंबरचे ३१ वजा केले की २५ राहतात आणि आपण ३१ डिसेंबरवर असतो. आता हाती उरलेला आकडा पुढच्या महिन्याच्या दिवसांपेक्षा लहान आहे, म्हणून तोच त्या महिन्याची तारीख होतो : २५ जानेवारी २०२६. प्रत्येक टप्प्यावर महिन्याच्या शेवटच्या दिवशी थांबणे हे या रीतीचे मर्म आहे. जे महिन्याच्या १ तारखेवर थांबतात त्यांचा एक दिवस हमखास इकडचा तिकडे होतो.

महिन्यांचे दिवस पाठ नसतील तर मूठ वळून पाहावी. बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर जानेवारी, त्याच्या शेजारच्या खाचेत फेब्रुवारी, पुन्हा उंचवट्यावर मार्च असे मोजत गेल्यास जुलै शेवटच्या उंचवट्यावर येतो; तेथून पुन्हा पहिल्या उंचवट्यावर येऊन ऑगस्टपासून पुढे चालावे. उंचवट्यावरचे सगळे महिने ३१ दिवसांचे असतात. फेब्रुवारीसाठी लीप वर्षाचा नियम लागतो : ४ने भाग जाणारे वर्ष लीप, मात्र शतकाचे वर्ष असेल तर त्याला ४००ने भाग गेला पाहिजे. त्यामुळे २००० हे लीप वर्ष होते, १९०० नव्हते आणि २१०० असणार नाही.

दिवस वजा करणे

मागे जाताना एक छोटी युक्ती फार उपयोगी पडते : कोणत्याही महिन्याची ‘शून्य तारीख’ म्हणजे आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. १० मार्च २०२४ मधून ४५ दिवस वजा करायचे असतील, तर १० दिवस वजा केल्यावर आपण ‘० मार्च’ला, म्हणजे २९ फेब्रुवारीला पोहोचतो आणि ३५ दिवस उरतात. फेब्रुवारीचे २९ वजा केले की ३१ जानेवारीवर येतो आणि ६ उरतात. ३१ मधून ६ गेले, उत्तर २५ जानेवारी २०२४. हाच हिशेब १० मार्च २०२५ पासून केला तर फेब्रुवारी २८चा असल्याने उत्तर २४ जानेवारी येते. लीप वर्षाचा परिणाम २९ फेब्रुवारी ओलांडली तरच होतो, हे येथे ध्यानात ठेवावे. २०२४ मध्ये एप्रिलपासून जूनपर्यंत मोजणाऱ्याला ते वर्ष लीप असल्याचा काहीही फरक पडत नाही.

दोन तारखांमधील दिवस

लांबचे अंतर काढायचे असेल तर महिन्यामागून महिना चालत बसण्यापेक्षा वर्षातील दिवसक्रमांक वापरावा. लीप नसलेल्या वर्षात जानेवारीअखेर ३१ दिवस पूर्ण होतात, फेब्रुवारीअखेर ५९, मार्चअखेर ९०, एप्रिलअखेर १२०, मेअखेर १५१, जूनअखेर १८१, जुलैअखेर २१२, ऑगस्टअखेर २४३, सप्टेंबरअखेर २७३, ऑक्टोबरअखेर ३०४, नोव्हेंबरअखेर ३३४ आणि डिसेंबरअखेर ३६५. लीप वर्षात फेब्रुवारीअखेरपासून पुढच्या प्रत्येक आकड्यात एक मिळवावा. हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून ठेवले की निम्मे काम होते.

आता १२ ऑगस्ट २०२३ पासून ३ मे २०२६ पर्यंतचे अंतर पाहू. १२ ऑगस्ट हा २१२ + १२, म्हणजे वर्षाचा २२४वा दिवस; म्हणून २०२३ चे ३६५ − २२४ = १४१ दिवस उरतात. २०२४ लीप असल्याने त्याचे ३६६ आणि २०२५ चे ३६५. ३ मे हा १२० + ३, म्हणजे १२३वा दिवस. सगळ्यांची बेरीज ९९५.

या उत्तराची पडताळणी वारावरून करता येते, आणि ती केल्याशिवाय मी स्वतः कोणताही लांबचा हिशेब पुढे पाठवत नाही. ९९५ला ७ने भागले की बाकी १ उरते, म्हणजे शेवटचा वार आरंभीच्या वारापेक्षा एकाने पुढचा हवा. १२ ऑगस्ट २०२३ला शनिवार होता आणि ३ मे २०२६ला रविवार आहे, जुळले. एका-दोन दिवसांची चूक या चाळणीतून सुटत नाही. नेमकी ७ किंवा ७च्या पटीतली चूक तेवढी सुटते, आणि तशी चूक सहसा होत नाही.

वार तोंडी काढण्यासाठी गणितज्ञ जॉन कॉनवे यांनी सांगितलेली खूण सोपी आहे : कोणत्याही एका वर्षात ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर या तारखांचा वार एकच असतो. २०२५ मध्ये तो शुक्रवार, २०२६ मध्ये शनिवार. पुढच्या वर्षी तो एका वाराने सरकतो आणि पुढचे वर्ष लीप असेल तर दोन वारांनी.

महिने मिळवणे : येथे सावध राहावे

महिने मिळवण्याची रीत वरवर फारच सोपी आहे. महिन्याच्या क्रमांकात बेरीज करावी, १२पेक्षा जास्त झाली तर १२ वजा करून वर्ष एकाने वाढवावे आणि तारीख तीच ठेवावी. १० ऑगस्टनंतर ६ महिने म्हणजे ८ + ६ = १४, १४ − १२ = २, म्हणून पुढच्या वर्षीची १० फेब्रुवारी. तारीख २८ किंवा त्याहून लहान असेल तर येथे हिशेब संपला. अडचण उभी राहते ती २९, ३० आणि ३१ या तारखांची.

३१ ऑगस्ट २०२५ मध्ये ६ महिने मिळवले की ३१ फेब्रुवारी येते, आणि ती तारीख अस्तित्वात नाही. यावर दोन रिवाज आहेत. एकात त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात, म्हणजे २८ फेब्रुवारी २०२६. दुसऱ्यात जास्तीचे तीन दिवस पुढे ढकलून ३ मार्च धरतात. करारमदार आणि व्याजाच्या हिशेबात पहिला रिवाज रूढ आहे, आणि माझ्या मते तोच योग्य आहे, कारण फेब्रुवारीत देय असलेली गोष्ट मार्चमध्ये जाणे कोणालाही पटत नाही. पण काही संगणकीय भाषा कोणतीही सूचना न देता दुसरा रिवाज पाळतात, म्हणून नव्या साधनावर काम सुरू करताना ३१ तारखेत एक महिना मिळवून पाहावा. ते साधन कोणत्या वळणाचे आहे, हे लगेच कळते.

शेवटचा दिवस धरण्याच्या रिवाजालाही त्याचे स्वतःचे तिढे आहेत. ३१ जानेवारी २०२५ मध्ये एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी, त्यात आणखी एक मिळवला की २८ मार्च. पण एकदम दोन महिने मिळवले तर ३१ मार्च. ३१ मार्चमधून एक महिना वजा करून पुन्हा एक मिळवला तर आपण ३१वर परत न येता २८ मार्चवर येतो. म्हणून दरमहा येणाऱ्या तारखांची यादी करताना प्रत्येक तारीख आधीच्या तारखेवरून काढू नये. मूळ तारखेत १, २, ३, ४ असे महिने मिळवत प्रत्येक तारीख नव्याने काढावी. नाहीतर एकदा फेब्रुवारीत २८वर घसरलेली तारीख पुढे वर्षभर २८वरच अडकून राहते.

वर्षे, महिने आणि दिवस असे मिश्र मिळवायचे असतील, तर आधी वर्षे, मग महिने आणि शेवटी दिवस हा क्रम ठेवावा. ३० जानेवारी २०२५ मध्ये एक महिना आणि एक दिवस मिळवताना महिना आधी घेतला तर २८ फेब्रुवारी आणि मग १ मार्च येते. दिवस आधी घेतला तर ३१ जानेवारी आणि मग २८ फेब्रुवारी. प्रचलित साधने मोठ्याकडून छोट्याकडे जातात, म्हणून आपणही तसेच जावे. वर्षे मिळवताना तिढा फक्त २९ फेब्रुवारीला पडतो : लीप नसलेल्या वर्षी ती तारीख २८ फेब्रुवारी मानायची की १ मार्च, याविषयी ठिकठिकाणचे नियम वेगळे आहेत.

दिवस आणि महिने यांची गल्लत किती सहज होते, याचे उत्तम उदाहरण वैद्यकात आहे. प्रसूतीची अपेक्षित तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढतात; जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखला जाणारा सोपा नियम मात्र सांगतो की त्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावेत. १ फेब्रुवारी २०२५ पासून दोन्ही रीतींनी ८ नोव्हेंबरच येते. पण १० मे २०२५ पासून २८० दिवस मोजले तर १४ फेब्रुवारी २०२६ येते आणि नियमाने १७ फेब्रुवारी. त्या कामात तीन दिवसांनी काही अडत नाही; मुदतीच्या कामात अडते.

वय किंवा कालावधी वर्षे-महिने-दिवसांत काढणे

२८ नोव्हेंबर १९९१ला जन्मलेल्या व्यक्तीचे १५ मार्च २०२५ रोजीचे वय काढू. १५ मधून २८ जात नाहीत, म्हणून महिन्याकडून उसने घ्यायचे. शाळेत अशा वेळी सरसकट ३० दिवस उसने घ्यायला शिकवतात. प्रत्यक्षात मार्चच्या लगेच आधीचा महिना फेब्रुवारी असल्याने २८च मिळतात. १५ + २८ − २८ = १५ दिवस. मार्चचा ३ आता २ झाला; २ मधून ११ जात नाहीत, म्हणून वर्षाकडून १२ घेतले : १४ − ११ = ३ महिने. २०२४ − १९९१ = ३३ वर्षे. वय ३३ वर्षे, ३ महिने, १५ दिवस. ३० उसने घेतले असते तर दिवस १७ आले असते.

ही रीतही एका ठिकाणी अडते. ३१ जानेवारी ते १ मार्च २०२५ हे अंतर काढताना १ + २८ − ३१ = −२ असे निरर्थक उत्तर येते. अशा वेळी वजाबाकी सोडून पुढे चालावे : ३१ जानेवारीनंतर एक महिना म्हणजे २८ फेब्रुवारी, त्यापुढे एक दिवस म्हणजे १ मार्च, उत्तर एक महिना, एक दिवस.

कामाचे दिवस आणि तास

आठवड्याला पाच कामाचे दिवस असतील तर दर पाच कामाच्या दिवसांमागे पूर्ण सात दिवस जातात. बुधवारपासून २३ कामाचे दिवस म्हणजे चार आठवडे आणि वर तीन दिवस. २८ दिवसांनी येणाऱ्या बुधवारनंतर गुरुवार, शुक्रवार आणि सोमवार. मध्ये सुट्ट्या असतील तर तेवढे दिवस एकेक करून पुढे सरकावे, आणि सरकताना नवी सुट्टी वाटेत आली का हेही पाहावे.

तासांचा हिशेब २४ तासांच्या घड्याळात करावा. ९ तारखेच्या २२:४०मध्ये ५० तास मिळवायचे तर ५० म्हणजे दोन दिवस आणि दोन तास. ११ तारखेचे २२:४०, आणि दोन तासांनी मध्यरात्र ओलांडून १२ तारखेचे ००:४०. ‘१० तारखेला रात्री १२ वाजेपर्यंत’ असे कधीही लिहू नये, कारण ती १० तारीख सुरू होतानाची रात्र की संपतानाची, हे वाचणाऱ्याला कळत नाही, २३:५९ लिहावे. जेथे उन्हाळ्यात घड्याळे तासाने पुढे करतात, तेथे वर्षातला एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा होतो, त्यामुळे ‘२४ तासांनी’ आणि ‘उद्या याच वेळी’ हे त्या दोन दिवशी एक राहत नाहीत.

स्प्रेडशीटमध्ये

एक्सेलमध्ये प्रत्येक तारीख हा मुळात एक पूर्णांक असतो : १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि १ जानेवारी २००० म्हणजे ३६५२६. म्हणून दिवस मिळवायचे तर तारखेच्या चौकटीत सरळ अधिक चिन्हाने आकडा मिळवावा, आणि अंतर हवे असेल तर एका तारखेतून दुसरी वजा करावी. महिन्यांसाठी ‘ईडेट’, महिनाअखेरीसाठी ‘ईओमंथ’ आणि कामाच्या दिवसांसाठी ‘वर्कडे’ ही सूत्रे आहेत. उत्तरात तारखेऐवजी पाच आकडी संख्या दिसली तर घाबरू नये, चौकटीचे स्वरूप बदलून ‘तारीख’ करावे. जुन्या लोटस १-२-३ या प्रणालीशी सुसंगती राखण्यासाठी एक्सेल १९०० हे वर्ष लीप धरते आणि कधीच न आलेल्या २९ फेब्रुवारी १९००ला ६० हा क्रमांक देते. त्यामुळे त्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांतून पुढे मोजताना एक दिवस जास्त भरतो. तारीख भरताना वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवावा, कारण ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, याचा निर्णय यंत्र आपल्या मांडणीनुसार परस्पर घेते.

फार मागे जाताना

पोप ग्रेगरी तेरावे यांच्या सुधारणेनुसार ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मोजला गेला. पण सगळ्या देशांनी हा बदल तेव्हाच स्वीकारला नाही : ब्रिटनमध्ये २ सप्टेंबर १७५२ नंतर थेट १४ सप्टेंबर आली, आणि रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतर १४ फेब्रुवारी. न्यूटनचा जन्म त्यामुळे जुन्या गणनेने २५ डिसेंबर १६४२चा आणि नव्या गणनेने ४ जानेवारी १६४३चा आहे. अशा तारखांमधले अंतर काढण्यापूर्वी दोन्ही तारखा एकाच गणनेत आणाव्या लागतात.

त्याहून मागे गेले तर आणखी एक खाच आहे. इसवी सनाला शून्य वर्ष नाही. इसवी सन पूर्व १ नंतर लगेच इसवी सन १ येते. म्हणून सीझरचा वध झाला ते इसवी सन पूर्व ४४ आणि इसवी सन २०२५ यांच्यातील वर्षे काढताना दोन्ही आकड्यांची बेरीज करून त्यातून एक वजा करावा : ४४ + २०२५ − १ = २०६८.